पहिल्या ठसक्याचा चहा

माझा धंदा थट्टेचा आहे, चटणीचा नंबर त्यानंतर, असं माझी बायको म्हणते. तिचं बरोबर आहे. गिऱ्हाईक आलं की आधी मी त्याची खेचतो, मग त्याला चटणी देतो, आणि तो हसत हसत पाव किलोच्या जागी अर्धा किलो घेऊन जातो. या जिभेवर आमचं घर चाललं. त्याच जिभेनं मी माझ्या मुलीचं काय केलं, ते आज लिहायला बसलोय, आणि पहिल्याच ओळीला तोंड चुकवून विनोद करतोय. सवय जात नाही.

सोलापुरात जुन्या पेठेत आमचं घर आहे. पुढं दोन खोल्या, मागं अंगण, आणि अंगणात चूल. शेंगाची चटणी, लाल तिखट, काळं तिखट आणि कुणी आधी सांगून ठेवलं तर कडक भाकरी. हे सगळं आईनं सुरू केलं. ती गेल्यावर मी हातातली फुटकळ नोकरी सोडून चुलीपाशी आलो. माझ्याकडं चार बायका कामाला आहेत. त्यांतली सगळ्यात मोठी अक्का. तिचं घर विणकरांचं, नवऱ्याचे कान यंत्रमागाच्या खडखडाटानं गेलेले. घरात ती तेलुगू बोलते, आमच्याशी मराठी. मला ती ‘तम्मुडू’ म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. माझ्या आईच्या वेळेपासून ती आमच्या अंगणात आहे, त्यामुळं मला रागावायचा हक्क तिला आपोआप मिळालेला आहे.

आई उघड्या अंगणात मिरची भाजायची. मला ऊन सोसेना, म्हणून मी वर पत्रा टाकला आणि तीन बाजूंनी आडोसा केला. बायकांना सावली झाली, मला स्वतःचं कौतुक वाटलं. धूर कुठून जाणार, हे मात्र मी बघितलं नाही. दुपारी तीनच्या सुमारास कढईत मिरच्या पडल्या की धुराची अशी खाट सुटायची की शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. आम्ही नाकाला फडकी बांधून बसायचो. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तरी हसणं, कारण खेळ चालू असायचा.

खेळ माझ्या डोक्यातला. मिरची कढईत पडल्यापासून ज्याला पहिला ठसका लागेल, त्यानं सगळ्यांचा चहा करायचा. बायका श्वास धरून बसायच्या, एकमेकींना चिमटे काढायच्या, मी मुद्दाम काहीतरी बोलून हसवायचो. कुणीतरी फुटायचंच. मग आरडाओरडा, आणि जो हरला तो आत जाऊन आधण ठेवायचा. कागदी कपांची एक चळत खास यासाठी ओट्यावर ठेवलेली असायची. कष्टाच्या कामात तेवढीच करमणूक, असं मी अभिमानानं सांगायचो.

मुलगी तीन-साडेतीन वर्षांची झाली आणि या खेळात रोज तीच हरायला लागली.

माझी बायको वळसंगला शाळेत शिकवते. सकाळी सातला निघते, संध्याकाळी सहाला येते. दिवसभर मुलगी माझ्याकडं. बालवाडीतून दुपारी यायची, जेवायची, आणि आमच्यात येऊन पायरीवर बसायची. कढईत मिरची पडायचा अवकाश, हिचा खोकला सुरू. ‘आली आली, आमची चहावाली!’ मी ओरडायचो. बायका हसायच्या. तीही हसायचा प्रयत्न करायची, पण खोकल्यात तिला हसता यायचं नाही. तिला चहा करता येत नव्हता, म्हणून मी तिला आत पाठवून कागदी कप आणायला लावायचो. दोन्ही हातांत चळत धरून, खोकत खोकत ती कप वाटत फिरायची. हे दृश्य मला त्या वेळी गोड वाटायचं.

खोकला नुसत्या मिरचीचा नव्हता. साधी सर्दी झाली की तीन-तीन आठवडे छाती वाजायची. पहाटे उठून बसायची. पळाली की खोकायची, फार हसली की खोकायची. श्वास सोडताना बारीक शीळ यायची. बायको तिच्या पाठीला कान लावून म्हणायची, ‘अहो, ऐका तरी.’ मी म्हणायचो, ‘होटगी जंक्शनची शिट्टी घेऊन जन्माला आलीय, रेल्वेत नोकरी पक्की.’ हे वाक्य मी पाहुण्यांसमोर कितीदा म्हटलं असेल, मोजदाद नाही. आता ते आठवलं की मान वर होत नाही.

ओव्याची पोटली झाली, मध-आलं झालं, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातलं गोड औषध दर महिन्याला झालं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. शेवटी बायकोनं रजा काढली आणि आम्ही तिघं मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. बाई मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी पाठ तपासली, सगळं विचारून घेतलं, पहाटेचं, पळण्याचं, सर्दीचं, आणि मग नळी माझ्याच कानांना लावली. ‘ऐका.’ मुलीच्या छातीत मांजराचं पिल्लू कोंडल्यासारखा आवाज येत होता. मी नळी परत दिली.

‘दमा आहे,’ बाई म्हणाल्या. ‘लहान मुलांत बऱ्याच जणांना असतो. नीट सांभाळला तर ही बाकीच्या मुलांसारखी खेळेल, पळेल.’

‘आमच्या घरात कुणाला दमा नाही,’ मी म्हणालो. आवाज चढलाच होता. कुणीतरी माझ्यावर चोरीचा आळ घेतल्यासारखं मी ते बोललो.

बाईंनी दोन पंप लिहून दिले आणि समोर बसवून शिकवलं. तपकिरी रोजचा, सकाळ-संध्याकाळ, खोकला असो वा नसो. तो आतली सूज हळूहळू उतरवतो, त्यामुळं बरं वाटलं म्हणून बंद करायचा नाही. निळा धाप लागली तर. दोन्ही पंप एका पारदर्शक नळकांड्यातून द्यायचे. त्याला स्पेसर म्हणतात. एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला रबरी मास्क, आणि मूल शांतपणे पाच-सहा श्वास घेतं. नंतर चूळ भरायची. सोपं होतं. मग त्यांनी घरात काय चालतं ते विचारलं आणि मी सांगितलं.

‘मिरची भाजताना मुलगी तिथं नको,’ बाई म्हणाल्या. ‘धंदा बंद करा असं मी म्हणत नाही. जागा बदला.’

मला मिरच्या झोंबल्या त्या तिथं. माझ्या आईच्या चुलीनं माझ्या मुलीला आजारी पाडलं, असा मी त्याचा अर्थ घेतला. घरी येताना रिक्षात मी बाईंची नक्कल करून दाखवली. बायको हसली नाही. मग मलाच थोडं वाईट वाटलं आणि मी म्हणालो, ‘पंपाचं काम माझ्याकडं. सकाळचं पण, संध्याकाळचं पण. तू दमून येतेस.’ तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान डोलावली. तिनं माझ्यावर विश्वास टाकला, आणि त्या दिवशी मी तो खोटेपणानं घेतला नव्हता, एवढं मला लिहू द्या.

महिना-सव्वा महिना मी इमानदारीनं पंप दिला. भाजायच्या वेळी मुलीला अक्काच्या सुनेकडं धाडायचो. फरक दिसायला लागला. पहाटेचा खोकला थांबला, शीळ गेली. खरं म्हणजे औषध लागू पडत होतं. पण मला ते तसं दिसलं नाही. मला दिसलं की आजार नव्हताच, बाईंनी उगीच घाबरवलं.

आणि मग मी परीक्षा घ्यायची ठरवली.

एका दुपारी मी मुलीला सुनेकडं पाठवलं नाही. पायरीवर बसवलं, नाकाला फडकं बांधलं आणि म्हणालो, ‘आज बघू कोण हरतंय. आज आपण चहावाली व्हायचं न्हाय, काय?’ तिनं मान हलवली. अक्का म्हणाली, ‘तम्मुडू, डॉक्टरनी न्हाय म्हणलंय की.’ मी म्हणालो, ‘एकच दिवस, अक्का.’

मिरच्या पडल्या. धूर पत्र्याखाली कोंडला. अर्ध्या मिनिटात एका बाईला ठसका लागला आणि ती हरली. मग दुसरी, मग मी. मुलगी बसून होती. ओठ घट्ट मिटलेले, दोन्ही मुठी फ्रॉकमध्ये रुतवलेल्या, चेहरा लालबुंद, गालांवरून पाणी. पण खोकला नाही. एकदाही नाही. मी उडी मारून उठलो. ‘जिंकली! माझी लेक जिंकली!’ तिला उचलून घेतलं, अंगणभर नाचवलं. तिनं माझ्या मानेत तोंड खुपसलं. तिचं सगळं अंग हिसके देत होतं. मला वाटलं हसतेय.

तिला खाली ठेवल्यावर ती पळत पुढच्या खोलीत गेली आणि बराच वेळ आली नाही. अक्का तिच्या मागं गेली. परत येऊन तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं, ‘खोकला गेला न्हाय. गिळती ती. आत जाऊन उशीत तोंड घालून खोकत होती.’

‘अक्का, तुमी आता डॉक्टर झाला व्हय?’ मी म्हणालो आणि बायका हसल्या.  अक्कानं चाळणी ओढून घेतली आणि तिखट चाळायला लागली.

त्या संध्याकाळी मी तपकिरी पंप बंद केला. आणि हे एकट्यानं केलं नाही. मुलीला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि सांगितलं, ‘तू आता बरी झालीस. पंप बंद. पण आईला सांगायचं न्हाय हं, तिला आपण मोठ्ठी गंमत दाखवायची.’ पावणेपाच वर्षांच्या मुलीला मी माझ्या खोट्यात भागीदार केलं. रोज संध्याकाळी आम्ही दोघं आत जायचो, थोडा वेळ बसायचो, आणि बाहेर यायचो. बायको विचारायची, ‘झाला पंप?’ मुलगी माझ्याकडं बघायची आणि म्हणायची, ‘झाला.’

पुढं थंडी पडली. लग्नसराई सुरू झाली आणि तिखटाच्या ऑर्डरी वाढल्या. एक दिवस बाटल्या भरताना नरसाळं सापडेना. कुणाच्या तरी पायाखाली चेपलं होतं म्हणे. मी इकडं-तिकडं बघितलं आणि कपाटात तो स्पेसर दिसला. त्याचे दोन भाग सुटे होतात. अर्धा भाग घेतला तर वर रुंद तोंड, खाली निमुळतं. बाटलीच्या तोंडात चपखल बसलं. लाल तिखट सरसर खाली उतरायला लागलं.

‘बघा, एवढं महागाचं आणलं होतं, शेवटी कामाला आलं!’ मी म्हणालो. सगळ्या हसल्या. अक्का हसली की नाही, मी बघितलं नाही. मुलगी दारात उभी होती. ती माझ्या हातातल्या नळकांड्याकडं बघत होती, आणि मी तिला डोळा मारला.

आठवडाभरानं तिला सर्दी झाली. दुपारी बालवाडीतून आली ती न जेवता झोपली. मला वाटलं, थंडी आहे, झोपू दे. साडेतीनला मिरची कढईत पडली आणि थोड्या वेळानं ती मागच्या दारात येऊन उभी राहिली. एका हातानं चौकट धरलेली. मी सवयीनं ओरडलो, ‘आली बघा चहावाली! आज हरणार ही!’

तिनं मान हलवली. नाही म्हणून. ओठ मिटलेलेच होते.

अक्का उठली. तिनं मुलीचा फ्रॉक वर केला आणि मला हाक मारली. तिचा तसला आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. ‘तम्मुडू, हिकडं बघ. बिड्डा, पोरगी बोलंना झालीय.’ प्रत्येक श्वासाला मुलीच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. गळ्यापाशी खड्डा पडत होता. मी विचारलं, ‘काय होतंय गं?’ तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि एकच शब्द आला, ‘पप्पा’, आणि पुढचं श्वासात गेलं.

चूल विझवा म्हणून मी ओरडलो आणि आत धावलो. निळा पंप कपाटात होता. स्पेसर बाटल्यांच्या टोपलीत. दोन्ही भाग आतून लाल. मी नळाखाली धरला, बोटांनी घासला, अंगातल्या सदऱ्यानं पुसला. पाण्यानं तिखट निघत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं, आईच्या वेळेपासून तोच धंदा आहे. तरी मी घासत होतो. मग नाकाजवळ धरून हुंगला, आणि मला ठसका लागला.

त्या दुपारचा पहिला ठसका माझा होता. कुणी हसलं नाही.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला.  मी म्हणालो, ‘स्पेसर खराब झालाय.’ कसा, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, ‘कागदी कप आहे का घरात? तळाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडा. कप नाका-तोंडावर नीट बसवा. पंप हलवून एकदा दाबा, पाच-सहा श्वास घेऊ दे. परत तसंच. करता करता रिक्षात बसा आणि या. थांबू नका.’

कागदी कप होते आमच्या घरात. ओट्यावर चळतच होती.

अक्कानं मुलीला पुढच्या खोलीत मांडीवर घेतलं, ताठ बसवलं. मी सुरीनं कपाला भोक पाडलं. पहिला कप फाटला, दुसरा जमला. अक्कानं तो तिच्या तोंडावर धरला आणि हळू आवाजात तेलुगूत काहीतरी म्हणत राहिली. मी पंप दाबला. मुलीनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे कपाच्या वर तेवढेच दिसत होते, आणि त्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ते डोळे विचारत होते की मी बरोबर करतेय ना.

रिक्षात पंप दोनदा-तीनदा दिला. दवाखान्यात वाफेच्या यंत्राचा मास्क लागला, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लागला, बाई आणि सिस्टर तिच्याभोवती उभ्या राहिल्या. मी भिंतीला टेकून उभा होतो. बऱ्याच वेळानं बरगड्या ओढायच्या थांबल्या. बाईंनी मास्क काढला आणि तिच्या कपाळावरचे केस मागं सारले.

‘खोकला येतो का गं तुला?’

मुलीनं आधी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, ‘न्हाय.’

‘अजिबात नाही?’

‘न्हाय. मी आता हरत न्हाय.’

बाईंना काही कळलं नाही. अक्काला कळलं. ती बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिली. बाई मुलीला म्हणाल्या, ‘असं बघ, आत कफ साठलाय. तो बाहेर यायला पाहिजे. मोकळं खोक बघू.’

 मुलीच्या छातीतून खोकला वर येत होता, ती तो दाबत होती, आणि ते आता मलाही दिसत होतं. इतके दिवस माझ्यासमोर हेच चाललं होतं. मग तिनं मला विचारलं,

‘पप्पा, खोकू?’

मी हो म्हणून मान हलवली.  मग ती खोकली. किती वेळ खोकली! सगळं अंग वाकवून, डोळे मिटून, साठवून ठेवलेलं सगळं एकदम. सिस्टरनं तिच्यापुढं भांडं धरलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही. हात लावायची माझी लायकी नाही असं वाटलं, आणि वाटलं ते खरंच होतं.

बायको वळसंगहून एका सहकारी बाईंच्या स्कूटरवर आली. मुलीला छातीशी धरलं. मग मला म्हणाली, बाईंनी सगळी औषधं आणायला सांगितलीत, तपकिरी पंपही आणा. मी आणला. त्या पंपाच्या मागं एक छोटा आकडा असतो, आत किती दाब शिल्लक आहेत ते दाखवतो. मला तो माहीत नव्हता. शिक्षिकेच्या नजरेतून तो सुटला नाही. तिनं पंप खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला.

‘आकडा कधीचा तिथंच थांबलाय,’ ती म्हणाली.

एवढंच. ओरडली नाही, रडली नाही. वर्गात एखाद्या मुलाची वही कोरी सापडल्यावर बोलावं तसं बोलली.  त्यानंतर वर्षभर पंप तिनंच दिला, सकाळी सातच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर, आणि मला एकदाही विचारलं नाही.

नरसाळ्याची गोष्ट मात्र तिला आजवर माहीत नाही. स्पेसर धावपळीत हरवला, असं मी सांगितलं. अक्काला आणि बाकीच्या बायकांना माहीत आहे, कुणी कधी तोंड उघडलं नाही. एकदा मी अक्काला म्हणालो, ‘अक्का, तुमी तेव्हा मला दोन शिव्या का दिल्या न्हाईत?’ ती म्हणाली, ‘दिल्या असत्या. तू त्याची पण गंमत केली असतीस की.’

पत्रा काढला. मिरची भाजायला होटगी रोडला एक उघडी शेड भाड्यानं घेतली, घरी आता फक्त भाकरी होतात. शेडवरून आलो की आधी अंघोळ, मग मुलीच्या जवळ. ठसक्याचा खेळ त्या दिवसापासून बंद. बायका आता फडकी बांधून गुपचूप काम करतात, आणि ज्याला हवा तो चहा करतो. मीही बोलतो कमी. गिऱ्हाईक म्हणतं, शेठ, पहिल्यासारखी मजा येत न्हाय.

मुलगी आता दहा वर्षांची आहे. खो-खो खेळते, शाळेच्या संघात आहे. ब्रशशेजारी तिचा पंप असतो, स्वतः घेते, स्वतः चूळ भरते, आकडा कमी झाला की स्वतः सांगते. बाई म्हणतात, अशीच राहिली तर औषध आणखी कमी करू. बघणाऱ्याला वाटेल, सगळं निस्तरलं. मलाही तसं वाटायला लागलं होतं.

मागच्या महिन्यात सांगोल्याहून माझा मावसभाऊ आणि त्याची बायको आले. बरोबर डाळिंबांची पेटी. बाहेरच्या खोलीत आम्ही गप्पा मारत बसलो होतो, मुलगी दाणे सोलून वाटीत टाकत होती. तिला थोडी सर्दी होती. बोलता बोलता तिला खोकला आला. साधाच, दोनदा. तिनं भिंतीकडं तोंड वळवलं, खोकली, वाटी खाली ठेवली आणि उठली.

‘चहा ठेवते मी,’ ती म्हणाली आणि आत गेली.

‘बघा, किती गुणाची पोरगी,’ वहिनी म्हणाल्या. ‘न सांगता उठली. आमच्या घरी हाका मारून घसा सुकतो.’

माझ्या बायकोलाही कौतुक वाटलं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मी मात्र मागं मागं मोजत गेलो. गेल्या दिवाळीत. त्याआधी गणपतीत. शाळेच्या बाई घरी आल्या होत्या तेव्हा. प्रत्येक वेळी आधी खोकला, मग चहा. इतकी वर्षं मी तो चहा पीत आलो होतो.

मी उठून आत गेलो. तिनं पातेल्यात पाणी घेतलं होतं आणि कप मांडत होती.

‘बाळा,’ मी म्हणालो, ‘खोकला आला म्हणून चहा करायचा नसतो. तो खेळ कधीच बंद झालाय.’

तिनं वळून बघितलं. चेहऱ्यावर खरंच काही नव्हतं. ती आठवून बघत होती, आणि तिला काही आठवत नव्हतं.

‘कुठला खेळ, पप्पा?’

बाहेरून मावसभाऊ साखर कमी टाका म्हणून सांगत होता. तिनं ‘हो काका’ म्हणून उत्तर दिलं. मग तिला पुन्हा खोकला आला, ती माझ्याकडं पाठ करून खोकली, आणि माझ्यासाठीही एक कप काढला.